डाव्या बाजूचं जेवण

प्रिय ठमे,

दर रविवारी फोन होतोच, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तुझी आई शेजारी बसून माझं प्रत्येक वाक्य दुरुस्त करते, आणि हल्ली बोलूनही मी दमतो. जिभेच्या उजव्या कडेला एक जखम झाली आहे, ती भरत नाही. सांगायचं ते त्याबद्दलच. पण शिंपी माणूस मी, माप घेतल्याशिवाय कात्री लावत नाही, तेव्हा जरा लांबून सुरुवात करतो.

सुरुवात पुढच्या दातापासून. जन्मभर दोरा दातांनी तोडला, त्याची दाताला पडलेली खाच तू लहानपणी बोट लावून पाहायचीस. पुढे दातांचं शिकायला लागलीस आणि सुट्टीत घरी आलीस की घरातल्या सगळ्यांना तोंड उघडायला लावायचीस. माझी खाच पाहून कपाळाला हात लावलास आणि दोऱ्यासाठी एक चिमुकली कात्री आणून दिलीस. मी त्या कात्रीने नखं कापली आणि दोरा दातांनीच तोडत राहिलो. तो दात गेल्या हिवाळ्यात सैल बटणासारखा हातात आला. दुखलंसुद्धा नाही. आता सवयीने दोरा तोंडाकडे नेतो, तो फटीतून सुळकन निघून जातो आणि आपला कारागीर पाठ करून हसतो.

माणूस म्हातारा झाला की दात लांब दिसतात, खरं तर हिरड्या मागे सरकतात, हे तूच सांगितलं होतंस. रक्तदाबाच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, तेही सांगितलं होतंस. पण कोरड्या ओठांत टाचण्या टिकत नाहीत हे तुमच्या पुस्तकात नसणार. परवा एका वकिलांच्या अंगावर कोट बसवून पाहत होतो, तर ओठातली टाचणी घसरली ती थेट त्यांच्या कॉलरमध्ये. बिचाऱ्यांनी तयार कोट न्यायला बायकोला पाठवलं. चवही गेली आहे. तुझी आई म्हणते मीठ बरोबर आहे, मला सगळं पाण्यात भिजवून पिळल्यासारखं लागतं. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, असं म्हणतात ना, माझी दोन्ही टोकं बघून झाली.

मग उजवीकडची दाढ अर्धी तुटली. उरलेल्या अर्धीला धार आली आणि ती जिभेला घासायला लागली. मी डाव्या बाजूने जेवायला लागलो. पावाच्या कडा चावेनात, त्या हळूच खिशात टाकायचो. कोट धुवायला घेताना त्या तुझ्या आईला सापडल्या, तिला वाटलं मी पाखरांना घालतो, आणि तिने माझं कौतुकही केलं. जेवण कमी झालं तसा मी उतरत गेलो. तिला कळू नये म्हणून दुकानात बसून स्वतःच्याच पँटी कमरेत आवळत होतो. शिंप्याच्या बायकोपासून कमरेचं माप लपवायला निघालो, काय म्हणावं मला. एक दिवस तिने इस्त्री करताना पँट उलटी केली आणि पाहिलं तर जुन्या शिवणीच्या आत नवी, तिच्या आत आणखी नवी. टाके माझेच, नाही म्हणायची सोय नव्हती. ती भांडली नाही, पँट मांडीवर घेऊन बसून राहिली. त्याआधी दातांच्या चांगल्या डॉक्टरकडे जा म्हणून तिने दाताच्या कण्या केल्या होत्या. त्या दिवशी मी मुकाट्याने गेलो.

इथला डॉक्टर तरुण आहे, हात हलका आहे. त्याने दाढेची धार घासून काढली, म्हणाला, आता जखम आपोआप भरेल. भरली नाही. तेव्हा तिथला एक कण तपासायला काढला. जे सांगायचं ते तो तुझ्या आईकडे बघून, सावकाश, निवडून निवडून बोलला, आणि ते मला मुळीच आवडलं नाही. मला भीती वाटते, ठमे. तोंडाचं बोळकं झालं, कवळी लागली, तरी हरकत नाही, पण ही भीती घेऊन रोज दुकान उघडायचा आता कंटाळा आला आहे.

तो कण तुझ्याच हॉस्पिटलात, तू असे कण तपासतेस तिथेच आला आहे. डॉक्टर दुसरीकडे पाठवतो म्हणत होता, मीच म्हटलं, तिथेच पाठव, जे असेल ते आधी माझ्या पोरीला कळू दे. पण भिंगाखाली काच सरकवताना त्यावर बापाचं नाव अचानक वाचावं लागू नये, म्हणून हे पत्र. आता एकच मागणं आहे. रिपोर्ट फोनवर सांगू नकोस, येऊन सांग. वाईट असला तरी ये आणि चांगला असला तरी ये. म्हणजे तू दारात दिसलीस तरी मला काही कळणार नाही, आणि तू बोलेपर्यंत मी तुला नुसता डोळे भरून बघून घेईन.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला, तुझाच,
बाबा