बॉक्स उघडण्याचा मुहूर्त

१० नोव्हेंबर
फोनवरचा क्रिकेटचा गेम बंद. कायमचा. शेवटच्या ओव्हरला ‘मयूर नाशिककर’ नावाच्या त्या प्राण्याने पुन्हा हरवलं आणि वर हसणारा चेहरा पाठवला. हा म्हणजे आमचा चुलतभाऊ मयुरेश, याबद्दल मला शंका नाही. त्र्यंबकला बसून जपाच्या नावाखाली हा माणूस काय करतो ते कळलं. वर्षभरात माझे चार यजमान यानेच पळवले. संपदा म्हणते, ते आपणहून गेले, कारण मी फोन उचलत नाही. बायकोला पौरोहित्यातलं काही कळत नाही.

१० नोव्हेंबर, संध्याकाळ
बंद करण्याआधी मयुरेशला एकदा हरवणं आवश्यक. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१२ नोव्हेंबर
सिन्नरहून रोहित आला होता, पुंजाआप्पांचा मुलगा. त्यांच्या घरचं प्रत्येक कार्य आधी माझ्या वडिलांनी केलं, आता मी करतो. इथे नाशकात द्वारका चौकाजवळ नवा फ्लॅट घेतलाय. वास्तुशांतीला पंचांग पाहून पंचवीस तारीख काढून दिली. स्वच्छ दिवस. उन्हाळ्यात त्याच्या बहिणीचं, वैष्णवीचं लग्न, तेही माझ्याकडेच येणार. हे यजमानांचं घर सुटलं तर आपण खाणार काय, असं संपदा दिवसातून दोनदा विचारते. रोहितने पूजेच्या सामानाचे पैसे आगाऊ पाठवले. वेगळे ठेवलेत. हात लावणार नाही.

१३ नोव्हेंबर
गेमवाले दरोडेखोर आहेत. गेम फुकट म्हणून गळ्यात मारतात आणि मग म्हणतात, चांगला बोलर हवा तर ‘महारथी बॉक्स’ विकत घ्या. आत कोण निघेल ते सांगत नाहीत. म्हणजे पैसे आधी मोजायचे, फळ मिळालं तर मिळालं, नाही तर तुमचं नशीब. इतका निर्लज्ज धंदा मी आजवर पाहिला नाही.
एक घेतला. आत जखमी विकेटकीपर.

१४ नोव्हेंबर
चूक सापडली. कालचा बॉक्स राहुकाळात उघडला होता. लोकांना मुहूर्त काढून देणारा माणूस मी, आणि स्वतःच्या बाबतीत असा गाफील!
आज आंघोळ करून, सोवळं नेसून, अमृत चौघडियाच्या शुभ वेळेवर पाच उघडले. दोन विकेटकीपर, दोन अंपायरच्या टोप्या, एक बॅटचं स्टिकर. पैसे रोहितचे, पण उसने. इंदिरानगरच्या सत्यनारायणाची दक्षिणा आली की परत ठेवतो.

१७ नोव्हेंबर
महारथी निघाला! डावखुरा, आग ओकणारा. किती बॉक्सनंतर निघाला हे गौण आहे. संपदाला म्हटलं, मयुरेश संपला. तिने विचारलं, गॅसचे पैसे कुठे आहेत. या घरात मोठ्या गोष्टीचा आनंदच नाही.

१७ नोव्हेंबर, दुपार
मयुरेशने महारथीला ओळीने तीन सिक्स मारले. मग गेमने कळवलं की बोलरने पूर्ण वेगात धावावं असं वाटत असेल तर त्याचे बूट वेगळे घ्यावे लागतील. चोर! भामटे! माणूस विकता तो अनवाणी?
बूट घेतले.

१९ नोव्हेंबर
इंदिरानगरच्या बाईंनी दक्षिणा निम्मी दिली. म्हणे, कथेच्या मध्ये मी फोन बघत होतो. हल्ली पोथी फोनमध्येच असते, हे त्या अडाणी बाईला कोण सांगणार? पोथी मात्र त्या वेळी उघडलेली नव्हती.
पूजासाहित्यवाल्या भिकाकडे रोहितच्या वास्तुशांतीचं सामान उधार मागितलं. नाही म्हणाला. माजलाय.

२१ नोव्हेंबर
डोकं शांत ठेवलं की मार्ग निघतो. रोहितला फोन केला. म्हटलं, पुन्हा बारकाईने पाहिलं, पंचवीसला दोष निघतोय, घरातल्या कर्त्या पुरुषाला जड. दोन डिसेंबर घ्या. तोवर कुठून तरी पैसे उभे राहतील. तो म्हणाला, आमंत्रणं गेलीत, आचारी ठरलाय. म्हटलं, बघ बाबा, सांगणं माझं काम. पुंजाआप्पांची गेल्या वर्षीच बायपास झाली आहे, त्यामुळे लगेच ‘विचार करून सांगतो’ म्हणाला.

२३ नोव्हेंबर
लोकांची श्रद्धाच उरलेली नाही. रोहितने त्र्यंबकला जाऊन दुसऱ्या गुरुजींना पंचांग दाखवलं. ते म्हणाले, पंचवीसला काही दोष नाही, बिनधास्त करा. हे दुसरे गुरुजी म्हणजे मयुरेश! पूजाही तोच सांगणार. वर सामान घ्यायला रोहित भिकाकडे गेला, तर त्या चोंबड्याने माझ्या उधारीची गोष्ट सांगितली. रोहितने मला एवढंच विचारलं की मी कोणतं पंचांग पाहिलं होतं. आजकालच्या मुलांना बोलायची पद्धत नाही.
आगाऊ दिलेले पैसे मात्र मागितले नाहीत. माझा धाक आहे अजून.

२४ नोव्हेंबर
कुसाबाईंचा, म्हणजे रोहितच्या आईचा फोन आला. उद्या जेवायला यायचंच म्हणाल्या. अखेर चूक कळली. माफी मागतील. मी फार ताणून धरणार नाही. उपरण्याला इस्त्री केली.

२५ नोव्हेंबर
फ्लॅट प्रशस्त आहे. मयुरेशने मंत्र बरे म्हटले, उगाच सावकाश. आरती झाल्यावर त्याला गॅलरीत गाठलं आणि विचारलं, लीगमध्ये कुठवर पोचलास? त्याला गेमचं नावही माहीत नव्हतं. खिशातून बटणांचा फोन काढून दाखवला. मग तो हसरे चेहरे पाठवणारा कोण, कुणास ठाऊक. असेल कुठलाही रिकामटेकडा.
पानं वाढली. कुसाबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. माफी मागितली नाही. हळूच म्हणाल्या, “गुरुजी, पैशाची अडचण व्हती तर मागायचे ना, दिले असते. ह्यांच्या जिवावर कशापायी आणलं? तुमचा फोन आल्यापासून मी रोज ह्यांच्या छातीवर हात ठिवून झोपते हाय.”
दोन पंचांगांत फरक असू शकतो, हे सांगायला मी तोंड उघडलं. पलीकडे खुर्चीत आप्पा बसले होते. त्यांना बहुधा कुणी काही सांगितलं नव्हतं. मला पाहून त्यांनी नेहमीसारखे हात जोडले. वाढलेल्या पानावरून तसाच उठलो. चप्पल शोधली आणि निघालो.
घरी आल्यावर संपदाने विचारलं, वैष्णवीच्या लग्नाचं काही बोलले का. म्हटलं, खूप मागे लागले होते, पण मीच नाही म्हणालो, उन्हाळ्यात मला वेळ नाही. पंगत छान झाली, असंही सांगितलं.
ती आत गेली आणि माझं ताट वाढून आणलं.