बाबांचं एकट्याचं मत

१२ मार्च
कोर्टात इतकी वर्षं ओरडले, पण घसा आज बसला. सभागृहात सकाळपासून एकच वाद — स्वातंत्र्य जाहीर करायचं, की समुद्रापलीकडच्या राजाला अजून एक विनंती करायची! दादा आमचा, स्वातंत्र्यवाल्यांचा पुढारी. बाबा समोरच्या बाकावर. राजाच्याच कोर्टात न्यायाधीश होते ना!

मी म्हटलं, माणूस हक्क घेऊनच जन्माला येतो, ते द्यायला राजा कोण? बाबा उठले. "जन्मतः माणसाला फक्त रडता येतं, वकीलबाई. हक्क कायदा देतो." सगळे हसले. मलाही हसू आलं — राग आला तो त्याचाच.

१३ मार्च
जेवताना कोणी चकार शब्द काढला नाही. शेवटी आई वैतागली, "अरे, मीठ तरी मागा एकमेकांकडे!"

१७ मार्च
दादाचं म्हणणं, मतदानाला बाबांना घरीच ठेव. "ताप आलाय म्हण. लोक चिडलेत गं."

बाबांना सांगितलं. ते बूट पुसत होते. "माझं मत चुकीचं असेलही. पण ते माझं आहे की नाही?"

दोघांच्या मध्ये निरोप पोचवून पोचवून जीव मेटाकुटीला आलाय.

१९ मार्च
झालं. आम्ही स्वतंत्र! मीही हात वर केला. विरोधाला फक्त बाबा उभे राहिले, त्यांच्या बाकावरचे बाकीचे ऐन वेळी फिरले. मागून कोणीतरी ओरडलं, "गद्दार!" बाबांनी चष्मा पुसला आणि उभेच राहिले.

रस्त्यावर लोक नाचत होते. मला फक्त चपला काढून कुठेतरी टेकायचं होतं.

२१ मार्च
चहा घेत होतो तेवढ्यात दोघं आले, दंडाला नव्या झेंड्याची फीत. बाबांना घेऊन गेले. "गुन्हा काय?" — "नंतर कळवू." आईने त्यांच्या हातात स्वेटर कोंबला.

तशीच दादाकडे गेले. पोलीस खातं आता त्याच्याकडे. "आत आहेत तोवर सुरक्षित आहेत. राज्य नवं आहे, समजून घे."

"सुरक्षित? कोणापासून?"

त्याने पेनाला टोपण लावलं. माझ्याकडे पाहिलंच नाही.

आईला घरी येऊन काय सांगायचं!

२२ मार्च
बाबांच्या सुटकेचा अर्ज दाखल केला. स्वतंत्र देशाच्या कोर्टातला पहिलाच. अर्जदार बाबा, वकील मी. विरुद्ध — सरकार. म्हणजे दादा. म्हणजे मीसुद्धा.