देवीनं घेतलेलं नाव

२७ ऑक्टोबर
आता ममताताई म्हणते, तूच शिकवलं! हो, शिकवलं. पण एवढं कुठं शिकवलं होतं? जिजाजी वारल्यावर भगवानराव रोज तिच्या दारात येऊन बसायचा. साठ एकरवाला माणूस, त्याले ऊठ कोण म्हणन? मी इथं हैदराबादले, सेंट्रिंगच्या कामावर. फोनवर म्हटलं — केस सोड, घुमायला लाग, देवी आली म्हण. बस. त्याच्यापुरतं.

भगवानराव पाया पडला अन् गेला. आम्ही बहीणभाऊ फोनवर किती हसलो!

आता अख्खं गाव पाया पडते. अन् मले भेव लागून राह्यलं.

२९ ऑक्टोबर
आईचा फोन आला. गावातल्या फकिराच्या सात शेळ्या मेल्या. फवारलेल्या कपाशीत शिरल्या होत्या, सगळ्यांनी पाह्यलं. तरी देवीले विचारायला आले — करणी कोणाची? ताई घुमत होती. भगवानराव, आता देवीचा पहिला भगत, एकेक नाव घेत गेला. सोनीबाईच्या नावाले ताईची मान खाली आली. घुमणाऱ्याची मान खाली येणार नाही तर काय! पण लोकं म्हणाले, देवीनं हो म्हटलं.

सोनीबाई एकटी म्हातारी. माझी नाळ तिनंच कापली.

१ नोव्हेंबर
फोनवर ताईले म्हटलं, सांगून टाक सगळं खोटं होतं म्हणून.
"सांगू? अन् मंग भगवानराव कुठं बसन, तुह्या मांडीवर?"
मग हळूच म्हणाली, "तीन वर्षांत पहिल्यांदा कडी न लावता झोपून राह्यली रे मी."

पुनवेले पुन्हा विचारणार आहेत. फकिराचे भाऊ काठ्या तासून बसले, म्हणे.

२ नोव्हेंबर
सळई चुकीच्या जागी बांधली. ठेकेदार म्हणाला, पिऊन आला का बे?

३ नोव्हेंबर
पोलिसांत फोन लावला. तुमचं नाव? — विचारलं तसा कापून टाकला. खरं सांगितलं तर आधी ताईलेच धरतील. नाही सांगितलं तर म्हातारी जाते.

ताईले म्हटलं, देवीचं बोलणं फिरव. दुसऱ्याचं नाव घे.
"कोणाचं घेऊ? ज्याचं घेतलं त्याच्या घरावर काठ्या. सांग ना, कोणाचं?"


५ नोव्हेंबर
आज पुनव. जेवण गेलं नाही. फोन हातातच.

६ नोव्हेंबर
आई फोनवर रडून राह्यली होती. देवीनं सोनीबाईले पोटाशी धरलं. हिचा दोष नाही म्हणे. दोष ममतीच्याच घरात — तिचा भाऊ नवस बोलून परमुलखात पळाला, फेडला नाही. म्हणून शेळ्या गेल्या. वर्षभर त्यानं गावात पाय ठेवायचा नाही. अन् दंडाचं गावजेवण.

आई म्हणते, तो आवाज ममतीचा नव्हता रे!

ताईनंच केलं. मले समजते. तरी दुपारपासून आठवून पाहतो — मी कधी नवस बोललो तर नव्हतो?

ताई फोन उचलत नाही.

गावजेवणाचे साडेसात हजार पाठवतो.