पॉइंट्सवर दोन रात्री

३ फेब्रुवारी, मंगळवार

हॉटेलवाल्यांची मेल आली — महिनाअखेरपर्यंत वापरले नाहीत तर जुने पॉइंट्स बाद! किती वर्षांचे साठलेत ते माझं मला ठाऊक. दवाखान्यांतली रक्ततपासणीची यंत्रं दुरुस्त करत गावोगाव हिंडायचं, आणि पॉइंट्ससाठी हट्टाने एकाच कंपनीच्या हॉटेलात उतरायचं. हॉटेलं तरी कसली, खिडकी उघडली की समोर कारखान्याची भिंत.

मी तिकडे झोपत होते तेव्हा इकडे घर कोणी ओढलं? आईंनी, माझ्या सासूबाईंनी. लेकीचे डबे, तिचे ताप, शाळेतल्या मीटिंगा. लेक लहानपणी मला ‘पाहुणी’ म्हणायची. हसण्यावारी न्यायचे मी.

नवरोबा म्हणतो, “त्यांच्या कॅटलॉगमध्ये मिक्सर आहे, घेऊन टाक.” मिक्सर! अरे, तेवढ्याच पॉइंट्समध्ये समुद्राकाठच्या त्यांच्या मोठ्या हॉटेलात दोन रात्री मिळतात, तेही शनिवार-रविवारी, भाव चढलेले असताना. दुकानात जाऊन मिक्सरची किंमत बघ आणि मग त्या खोलीची बघ म्हटलं. “तू आणि तुझे पॉइंट्स!” म्हणाला. म्हणेना का.

खोली आईंसाठी घ्यायची. ठरलं. आभार मानायचे तर तोंडाने मला जमत नाही, निदान असे तरी मानावेत.

५ फेब्रुवारी

बुकिंग झालं. थेट हॉटेलकडूनच केलं. मागे एकदा स्वस्त पडतं म्हणून भलत्याच वेबसाइटवरून खोली घेतली होती — ना पॉइंट्स, ना नाश्ता, आणि गोल्ड मेंबर असून झोपायला लिफ्टच्या शेजारी! तेव्हापासून कानाला खडा.

६ फेब्रुवारी

आईंना सांगितलं. “मला काय करायचंय हॉटेलात? आणि घर काय वाऱ्यावर सोडू?”

फुकट आहे म्हटलं, तर म्हणाल्या, “फुकट कोणी काही देत नाही गं.”

फुकट नाहीच आई, हे सगळं तुम्हीच मिळवलेलं आहे — हे मनात. तोंडातून निघालं, “जाऊन तर या.” शाबास माझी!

शेवटी त्यांच्या धाकट्या बहिणीला फोन लावला. मावशी एकट्याच राहतात, मजेत असतात. त्या ऐकताक्षणी तयार. “ताईला मी उचलून नेते,” म्हणाल्या.

९ फेब्रुवारी, सोमवार

हात दाखवून अवलक्षण! हॉटेलला सहज फोन केला — दोघींना माझ्या कार्डावर नाश्ता मिळेल ना? तर रिसेप्शनवाली गोड आवाजात म्हणते, मॅडम, गोल्डच्या सवलती फक्त सभासद स्वतः राहत असतील तरच. मग नाश्ता नाही, मोठी खोली नाही, उशिरा खोली सोडणं नाही.

म्हणजे मलाही जायला हवं, आणि त्या शनिवारी नेमका माझा दौरा. शेवटी साहेबांचे पाय धरले. “यंत्र बंद पडलंय आणि तुम्ही समुद्रावर?” म्हणाले. पण सहकाऱ्याला पाठवलं बिचाऱ्यांनी. भलं होवो त्यांचं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पोचलो! कार्ड दाखवताच मोठी खोली दिली, वरच्या मजल्यावर, दोन्ही खिडक्यांतून समुद्र. माझ्यासाठी जादा पलंगही, पैसे न घेता. मावशी बुटांसकट गादीवर. आई दारातच उभ्या, पिशवी छातीशी धरून. “आयत्या बिळावर नागोबा झाले की गं मी!”

इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

१५ फेब्रुवारी

उठून बघते तर आईंनी तिन्ही पलंग आवरलेले! टॉवेल धुऊन गॅलरीत वाळत. खोली आवरणारी बाई आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आजी, माझ्यासाठी काय ठेवलंत?” मावशी उखडल्या. “ताई, बस की जरा! दुसऱ्याने आवरलेलं कसं दिसतं ते बघ तरी एकदा.”

त्या बाईने हसत हसत चादरी पुन्हा काढल्या. आई खुर्चीत बसून बघत राहिल्या. चादर झटकली, कोपरे दुमडले, उशा फुगवल्या. मग हळूच म्हणाल्या, “लग्न होऊन आल्यापासून माझं अंथरूण कोणी घातलेलं नाही.”

मला राहवलं नाही. “आई, तुमच्यामुळे माझी नोकरी टिकली. तुम्ही नसता तर माझं काही खरं नव्हतं.”

“माहीत आहे मला,” म्हणाल्या. एवढंच! आणि पावाला लोणी लावायला खाली गेल्या.

१६ फेब्रुवारी

खोली संध्याकाळपर्यंत ठेवता आली, गोल्डची कृपा. आई दुपारभर झोपल्या. गाढ, तोंड उघडं टाकून. दुपारी झोपलेल्या त्यांना मी आजवर पाहिलेलं नव्हतं. मी आणि मावशी कुजबुजत गप्पा मारत बसलो. सगळ्या पॉइंट्सचं आज चीज झालं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

घराचा उकिरडा केलाय बापलेकीने. आईंनी पदरही खोचला नाही. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “चहा कोण करतंय?”

मग मीच उठले.

२१ फेब्रुवारी

आई मावशींकडे निघाल्या — राहायलाच. “रागावून नाही गं. झोप पुरी झाली तेव्हा कळलं, किती दमले होते ते.”

साहेबांना कळवलं, माझे दौरे बंद. आईंची बॅग मी भरली.