हरल्याशिवाय झाकण नाही

सोम., २२ सप्टें.
घट बसले आणि आमच्या बालवाडीचा भोंडलाही सुरू झाला. सकाळपासून माझाच पाय जमिनीवर ठरत नव्हता, पोरांना काय बोलायचं! घरमालकीण काकींनी अंगण दिलं. त्यांच्याकडे काही मागायला जायचं म्हणजे मला अजून धडधडतं. दोन्ही खोल्या त्यांच्या, अंगण त्यांचं, लागून असलेला झेंडू त्यांचा. बालवाडी तेवढी माझी.
पाटावर हत्ती मीच काढला. आयुष (बाबा कंपनीत, मूळचे बिहारचे) बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "टीचर, ये तो भैंस है." सोंड लांब केली. मग पटलं त्याला.
फेर धरला, गाणी झाली, मग खिरापत. नियम समजावून सांगितला: झाकण बंद. डबा वाजवा, हुंगा, गोड का तिखट विचारा. ओळखता आलं नाही तर "हरलो" म्हणायचं. हरलो म्हटल्याशिवाय झाकण काढायचं नाही.
पहिला डबा काकींच्या नातीचा, ओवीचा. डबा हातात घेऊन ठसक्यात उभी राहिली. "माझ्या आईनं कोथिंबिरीच्या वड्या केल्यात. ओळखा!"
मदतनीस मावशी हसून हसून ओटीवरच बसल्या.

मंगळ., २३ सप्टें.
गावातली पोरं पक्की आहेत. डबा नुसता वाजला तरी "शंकरपाळी!" म्हणतात. मजा जाते. काल रात्री भाकरी थापताना डोक्यात आलं, की निम्मी पोरं तर कंपनीच्या चाळीतली. बिहार, ओडिशा, नेपाळ, बंगाल. त्यांच्या घरचा डबा कोण ओळखणार?
यांना सांगितलं तर म्हणे, "तू आधीच उड्या मारतीस, वरनं पोरांना लाव." मारते उड्या. काय बिघडलं?
सकाळी फाटकाशी उभं राहून एकेका आईला गाठलं. माझ्या हिंदीत: "आपके घर में देवी के लिए जो बनाते हो, वही लाना." सगळ्या हो म्हणाल्या. पियालीची आई मौसुमीसुद्धा!
ही बाई जूनपासून लेकीला फाटकाशी सोडते आणि तिथूनच परत जाते. आत पाऊल नाही. हात पुढे केला की हसते आणि मागे सरते. पियालीही मग तशीच, फेर धरला की बाहेर उभी. आई एकदा आत आली की पोरगी रुळेल, हे माझ्या मनाने घेतलंय. आज म्हणाली, "सोमवार को लाऊंगी, दीदी. सप्तमी है."
लाल खडूने लिहिलं पाटीवर. सोमवार, पियाली.

गुरु., २५ सप्टें.
आयुषच्या घरचा ठेकुआ!! एकालाही ओळखता आला नाही. आयुषचा चेहरा बघण्यासारखा. प्रत्येकाकडून वेगवेगळं "हरलो" वदवून घेतलं त्याने, माझ्याकडूनही.
झाकण निघालं तशी काकींनी ओटीवरून मान उंच केली. "ह्या तर कापण्या हायत! आखाडात करतो त्या. नाव बदललं म्हंजी काय झालं." नवरात्राचा उपास, नाहीतर चाखलीच असती म्हणे. हुंगून मात्र बघितली.

शुक्र., २६ सप्टें.
बिकाशची आई नेपाळची, बाबा गेटवर वॉचमन. त्यांची सेल रोटी म्हणजे तांदळाच्या पिठाची जाड बांगडीच. पोरांनी आधी हातात घातल्या, मग खाल्ल्या. ओवीचे दोन्ही हात कोपरापर्यंत तेलकट.
काकी हसल्या. चक्क दात दिसले.
सोमवारची वाट बघतेय. पियालीला विचारलं, आई काय करणार? तोंडावर बोट ठेवलं तिने. नियम कळलाय पोरीला.

सोम., २९ सप्टें.
कसं लिहू.
मौसुमी आत आली. लाल काठाची पांढरी साडी, भांगात ठसठशीत सिंदूर, कडेवर पियाली, हातात लाल फडक्यात बांधलेला डबा. मी तर टाळ्याच वाजवल्या. फेरात तिला माझ्या आणि ओवीच्या मधे घेतलं. पावलं जमेनात, पण चेहरा फुललेला. पियाली पहिल्यांदा फेरात! आईचा पदर धरून का होईना, पण फेरात.
मग डबा. वाजवला, जड लागला. शंकरपाळी? ना. ठेकुआ? ना. बिकाशने नाक डब्याला लावलं आणि किंचाळला, "माछा!"
मौसुमी एवढी खूश झाली, की हरलोबिरलो न म्हणवताच तिने झाकण काढलं. "हां! माछ भाजा!"
तळलेले मासे. हळद लावलेले, खरपूस. काकींच्या अंगणात. घरात घट बसलेले, काकींचा नऊ दिवसांचा उपास, पायात चप्पल नाही, त्यात सोमवार. आणि मी बिनडोक, "देवी के लिए जो बनाते हो" म्हणून आले होते.
मी काही बोलायच्या आत ओवीने एक तुकडा तोंडात टाकला. "आजी, मस्तंय!"
काकी उठल्या. आतून गोमूत्राचा तांब्या आणला आणि शिंपडलं. अंगणात, ओटीवर, हत्तीच्या पाटावर. ओवीला ओढून आत नेलं. जाता जाता मला एवढंच, "अंगण आता ऱ्हाऊ द्या."
मौसुमी बघत होती. शिंपडणं तिला समजावून सांगायला लागत नव्हतं. डब्याचं झाकण लावत म्हणाली, "दीदी, आपने ही बोला था ना." रागाने नाही. तेच जास्त लागलं मला.
पियालीला घेऊन गेली. फाटकही हळूच लावलं.

मंगळ., ३० सप्टें.
पियाली आली नाही. फोन लागतो, उचलत नाही.
भोंडला बंद. पोरं विचारतात, हत्ती कुठे गेला. मावशींनी सांगितलं, हत्ती पाणी प्यायला नदीवर गेलाय. आयुषला पटलं नाही.
गावातल्या दोन आयांनी फाटकावर विचारलं, "मॅडम, खरं का वो? मासं खाऊ घातलं?" मी म्हटलं, खाऊ नाही घातलं, आणले होते.
माझाच राग येतोय मला. ज्या बाईला आत आणायला चार महिने जीव टाकला, तिला आणलं कशासाठी, तर हे बघायला.

बुध., १ ऑक्टो.
शाळा सुटल्यावर चाळीत गेले. एक खोली, एक खिडकी, भिंतीवर देवीचा फोटो. मौसुमीने चहा केला. मी माफी मागायला गेलेले आणि तीच मला "बैठिए, बैठिए" करत होती.
विचारलं, देवीला मासे का? तिला प्रश्नच विचित्र वाटला. त्यांची देवी या दिवसांत लेकरं घेऊन माहेरी येते म्हणे. "मायके आई बेटी को माछ नहीं खिलाएंगे तो क्या खिलाएंगे?" त्या दिवशी पहाटे उठून, आंघोळ करून तळलेले. आधी फोटोपुढे ठेवले, मग आमच्यासाठी डब्यात भरले.
मला माझं माहेर, खुटबाव आठवलं. मी गेले की आई अजून वांग्याचं भरीत करते, घरात दुसऱ्या कुणाला आवडत नसलं तरी.
पियाली माझ्या मांडीवर येऊन बसली. शाळेत येणार का? आईकडे बघितलं तिने. आई चहाच्या कपाकडे बघत होती. "देखेंगे, दीदी."
तशीच काकींकडे गेले. उद्या दसरा, ओटीवर झेंडूचा डोंगर, व्यापाऱ्याचा टेम्पो उभा. हाकलतील म्हणून आधीच सुई-दोरा घेऊन माळा ओवायला बसले. मनाचा हिय्या करून सगळं सांगितलं. पहाटेची आंघोळ, फोटो, माहेरी आलेली लेक.
काकी ओवत राहिल्या. माळ संपवून गाठ मारली, मग म्हणाल्या, "आमच्या देवीला दसरा झाला का बकरं असतंच की. आमची थांबती दहा दिस. तिची थांबत न्हाई, एवढंच."
माझी सुईच थांबली. मी काही बोलणार तेवढ्यात,
"मी शिंपडलं ते तिनं बघितलं व्हय?"
"बघितलं."
पुढची माळ घेतली त्यांनी.

गुरु., २ ऑक्टो.
दसरा. सगळ्यांना सोनं दिलं, चाळीत जायचं धाडस झालं नाही. मौसुमीच्या फोनवर आपट्याच्या पानांचा फोटो पाठवला. निळ्या दोन खुणा आल्या, उत्तर नाही.
ओवी गल्लीभर विचारत फिरतेय, मासे पुन्हा कधी?

शुक्र., ३ ऑक्टो.
शाळा उघडायला गेले तर अंगण सारवलेलं. मधोमध पाट, पाटावर हत्ती! काकींनी स्वतः काढलेला. माझ्यापेक्षा शंभरपट बरा, आयुषनेही पास केला.
मी म्हटलं, काकी, दसरा झाला, घट उठले, भोंडला आता कसला?
"हस्त सुरू हाय न्हवं? आमच्या टायमाला हस्त सरंस्तवर हादगा खेळायचो. तुमी शिकलेल्यांनी नऊ दिसांत गुंडाळलाय." अंगण मागायला कुणी गेलं नव्हतं. आज त्याच देत होत्या.
आणि ओटीवरच्या फळीवर एक डबा. मोठा, पितळी, कडीचा. पोरं तुटून पडली. काकींनी उंच धरला. "तुमच्यासाठी न्हाई. हा पियालीच्या आयनं वळखायचा. तिनं हरले म्हटल्याबिगर झाकण निघायचं न्हाई."
"ती आलीच नाही तर?"
"टिकंल असं केलंय."
मी ओरडलेच आनंदाने! काकींनी असं बघितलं की गप बसले. आत जाऊन मावशींना मिठी मारली, त्यांच्या हातातला खडूचा डबा सांडला.
दुपारी मौसुमीला आवाजी मेसेज टाकला. काकींचा डबा, काकींचा नियम, जसाच्या तसा. खाली ओवीलाही बोलायला लावलं. "काकू लवकर या, मला खायचंय."

शनि., ४ ऑक्टो.
नाही आली. डबा फळीवर.
आम्ही सगळ्यांनी वाजवून बघितला. जड, कोरडं, खुळखुळत नाही. मला ओळखता येईना. काकींना विचारलं, निदान माझ्या कानात तरी सांगा. "तुमाला कशाला? तुमचं नाव हाय का पियालीची आय?"
ओवीलाही ठाऊक नाही. आजीने दार लावून केलं म्हणे.

सोम., ६ ऑक्टो.
पियाली आली!! बाबांनी सायकलवरून सोडली, ते तसेच ड्यूटीला. फेरात आली, एकटी, ओवीचा हात धरून. मी हत्तीभोवती एवढी नाचले की कंबर धरली.
काकींनी पियालीला बोलावलं आणि डबा तिच्या कानाशी वाजवला. "जा, आयला सांग कसा वाजतो ते." पोरगी शाळा सुटेपर्यंत "ढब ढब" करत होती.
संध्याकाळी मौसुमीचा मेसेज, गेल्या सोमवारनंतरचा पहिला. "दीदी, उसमें क्या है?"
मी लिहिलं, मालूम नहीं. खरंच नाही मालूम.

मंगळ., ७ ऑक्टो.
सकाळी मौसुमी स्वतः आली. फाटकापर्यंत. पियालीला आत सोडलं, पण परत गेली नाही. उभी राहिली.
काकी ओटीवर शेंगा फोडत बसलेल्या. वर न बघता शेजारच्या फळीवरचा डबा उचलला आणि वाजवला. "ए बाई, वळख."
सगळी पोरं वळून बघायला लागली. आयुषसुद्धा.
"मीठा?" मौसुमीने फाटकातून विचारलं.
"न्हाई."
"नमकीन?"
"तितनं कसं वळखशील? आत ये, हुंगून बघ."
मौसुमीचा हात फाटकाच्या कडीवर. मला धावत जाऊन ओढून आणावंसं वाटत होतं. मावशींनी मागून माझी ओढणी धरून ठेवली. बरं केलं.
कडी निघाली. ती अंगणातल्या शेवग्यापर्यंत आली आणि तिथे थांबली. नजर जमिनीवर, जिथे शिंपडलं होतं तिथे. काकींनाही ते दिसलं असणार. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, दोन पायऱ्या उतरल्या, अनवाणीच, आणि डबा तिच्या हातात दिला.
मौसुमीने डबा कानाशी नेला, पोरं करतात तसाच. हलवला. फटीला नाक लावलं, डोळे मिटले. पोरांनी घेराव घातला, "हरलो बोल! हरलो बोल!" ओवी सगळ्यात मोठ्याने.
तिने मान हलवली. हसत होती आणि डोळे भरलेले. "नहीं बोलूंगी."
बंद डबा काकींच्या हातात परत दिला. "कल फिर आऊंगी, माँजी."
"ये की. हस्त अजून हाय."
फाटक तिने उघडंच ठेवलं. डबा पुन्हा फळीवर गेला.