ईशाकडून करून घेतलेल्या तयारीबाबत

प्रति,
मा. अपील अधिकारी,
दिव्यांगत्व फेरतपासणी कक्ष,
हैदराबाद.

विषय : माझी मुलगी ईशा (वय ६) हिची पुन्हा तपासणी होणेबाबत, तसेच झालेली चूक मुलीची अथवा डॉक्टरांची नसून आईची असणेबाबत.

संदर्भ : दि. ९ जून रोजीची फेरतपासणी व त्यानंतर आलेले, दिव्यांगत्व ५५ वरून ३० टक्के झाल्याचे पत्र.

महोदय,

मी, सौ. स्वप्ना बुद्धभूषण नरवाडे, एम.कॉम., राहणार विद्यानगर, सविनय सादर करते की,

१. ईशाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. डावा हात आणि डावा पाय तिचं ऐकत नाहीत. पहिलं प्रमाणपत्र तात्पुरतं होतं. मुदतीनंतर पुन्हा तपासणी होईल असं त्यावरच छापलेलं होतं. नव्या पत्राप्रमाणे ती चाळीस टक्क्यांच्या अटीखाली गेल्यामुळे नारायणगुड्याच्या केंद्रात आठवड्यातून तीनदा होणारी तिची थेरपी या महिनाअखेरीस बंद होते. खंड पडला तर पाय आखडेल आणि दोन वर्षांत कमावलेलं जाईल, असं तिथल्या मॅडमनी सांगितलं आहे. थेरपी चालू राहावी एवढंच माझं मागणं आहे. बाकीचा अर्ज कबुलीजबाब समजावा.

२. फेरतपासणीची सूचना मी चार वेळा वाचली. तीत कुठेही 'तयारी करून यावे' असं लिहिलेलं नव्हतं. तरी मी तोच अर्थ काढला. तपासणी म्हटलं की मला मार्क दिसतात. मी पंधरा दिवसांचं वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलं : सोमवारी पायाला आधार देणारा स्प्लिंट काढून चालणं, मंगळवारी ग्लास उचलणं, बुधवारी 'नमस्ते सर', रविवारी सराव परीक्षा. परीक्षेत माझे पती डॉक्टर व्हायचे. खुर्चीत बसून तोंड गंभीर करणं एवढंच त्यांचं काम होतं, ते त्यांनी उत्तम केलं. जन्मात प्रथमच मी टक्के कमी पडले म्हणून रडते आहे, आणि तेही अभ्यास जास्त झाल्यामुळे.

३. यात आमच्या घरच्या रीतीचाही वाटा आहे. माझे सासरे भिवाजी नरवाडे नांदेडकडून येऊन इथे रेल्वेत लागले. सरकारी टेबलासमोर जायचं तर इस्तरीचे कपडे, ताठ मान आणि रडगाणं बंद, हा त्यांचा नियम. या नियमावर आमच्या दोन पिढ्या शिकल्या, नोकरीला लागल्या. आपल्याला मदत लागते हे दाखवायला जातानाही तो पाळायचा का, हा प्रश्न घरात कोणालाच पडला नाही. ईशाच्या फ्रॉकला त्यांनी स्वतः इस्तरी केली.

४. दि. ९ रोजी सकाळी सातपासून मी तिला कडेवर घेऊन रांगेत उभी होते, म्हणजे तिची ताकद ऐनवेळी शिल्लक राहील. आत शिरताना तिला खाली ठेवलं आणि स्प्लिंट पिशवीत टाकला. ईशा सहा पावलं चालली. सरावात ती पाचाच्या पुढे कधी गेली नव्हती. डॉक्टर मनापासून खूश झाले. त्यांनी मला विचारलं, हाताने जेवते का. मी हो म्हटलं. बटणं लावते का, हो. जिना चढते का, हो. आमच्या इमारतीचा जिना ईशाने आजवर आईबापांच्या खांद्यावरूनच पाहिला आहे.

५. त्या वेळी सासूबाई केसरबाई मागे उभ्या होत्या. त्यांना राहवलं नाही. त्या म्हणाल्या, "साहेब, लेकराला मीच भरवते. घास धरत नाही ती. अन् आता पडंल बघा."

डॉक्टरांना मराठी येत नाही. त्यांनी मला विचारलं, "अम्मा क्या बोल रहे?"

मी म्हणाले, "कुछ नहीं सर, पुराने ख़यालात के हैं."

महोदय, त्या खोलीत बोललं गेलेलं एकमेव खरं वाक्य मी असं बुडवलं. म्हणूनच हा अर्ज मराठीत करते आहे. तेलुगू भाषांतर शेजारच्या शिक्षिकाबाईंनी केलं आहे, मी त्याला हात लावलेला नाही. सातवं पाऊल ईशाने दाराबाहेर टाकलं आणि ती पडली. पुढचे दोन दिवस ती मांडीवरून उतरली नाही. याची नोंद आपल्या दप्तरी नाही, कारण तोवर आमचा नंबर होऊन गेला होता. सासूबाई तेव्हापासून माझ्याशी ईशामार्फतच बोलतात : तुझ्या शिकलेल्या आईला सांग, चहा झालाय.

६. तरी नम्र विनंती की तपासणी पुन्हा व्हावी, शक्य तर घरी, आणि आगाऊ न कळवता. कळवल्यास मी तयारी करणार नाही अशी खात्री मी देऊ शकत नाही. मराठी समजणारं कोणी सोबत आणावं आणि प्रश्न सासूबाईंना विचारावेत. मी गॅलरीत थांबेन. जुनं प्रमाणपत्र, केंद्राचा अहवाल आणि वरील तिन्ही प्रश्नांची खरी उत्तरं (नाही, नाही, नाही) माझ्या सहीने सोबत जोडली आहेत.

७. शेवटची विनंती नियमात बसते की नाही, ठाऊक नाही. त्या दिवशी परतताना ऑटोत ईशाने मला विचारलं, "मी पास झाले ना?" मी हो म्हणाले. तेव्हापासून ती भेटेल त्याला हे सांगते. मग आता दुसरी परीक्षा कशाला, हे तिला सांगायला मला अजून शब्द सापडलेले नाहीत. यावेळी तिला दोनच पावलं जमली, किंवा एकही जमलं नाही, तरी डॉक्टरांनी तिला शाबाश म्हणावं. टक्के कागदावर लिहावेत. तिच्यासमोर मोठ्याने वाचू नयेत.

यावेळी काहीही न सजवता लिहिणारी,
आपली नम्र अर्जदार,
(सही)
सौ. स्वप्ना बुद्धभूषण नरवाडे
विद्यानगर, हैदराबाद
दि. ७ जुलै २०२५