म्हातारपणात नापास

मंगळवार, ११ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं.

आदरणीय वन्सं,

वर लिहिलेल्या वेळी मला म्हातारपणात नापास करण्यात आलं. वेळ मुद्दाम आधी टाकली. तुम्हाला पत्र शेवटाकडून वाचायची खोड आहे (कोण गेलं ते आधी कळतं म्हणून), तेव्हा निदान अन्याय तरी पत्र उघडताच वर दिसावा.

नमस्कार. गुडघा काय म्हणतो? कानाचं यंत्र लावता, की झिजेल म्हणून अजून डबीतच जपून ठेवलंय? मी ठणठणीत आहे, आणि तेच माझ्या मुळावर आलं.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिल्यावर, निवृत्त होऊन भिंतींशी बोलणं मला जमेना, म्हणून मी ‘लोकसंख्येचं वृद्धत्व आणि सामाजिक बदल’ या विषयात एम. ए.ला नाव घातलं, हे तुम्ही जाणताच. ‘त्याला कॉलेज कशाला? आरशापुढे उभी राहा,’ असा आशीर्वाद तुम्हीच दिला होता. वर्गात मला सगळे काकू म्हणतात. सरांनी ‘ज्येष्ठ नागरिक’ म्हटलं की साऱ्या माना माझ्याकडे वळतात, जसं काही मी फळ्यावरची आकृतीच आहे. आमच्या शास्त्रात साठीपुढचा माणूस ‘अवलंबित’ धरतात. अर्धा वर्ग माझ्या टिपणांवर परीक्षा देतो, पण तक्त्यात अवलंबित मीच.

तर त्या दिवशी प्रात्यक्षिक होतं. विभागात एक म्हातारपणाचा पोशाख आणलाय. मनगटांना आणि कमरेला वजनं, गुडघे वाकू नयेत म्हणून पट्टे, जाडे हातमोजे, कानांवर बोळ्यांसारखी झाकणं, आणि डोक्यावरून टोप, त्याला पिवळी ओरखडलेली काच. तरण्या पोरांना म्हातारपण कळावं म्हणून ही सोय. (आपल्याला फुकट मिळतं, त्यांना यंत्रसामग्री लागते.) सर माझ्याजवळ येऊन चाचरत म्हणाले, काकू, तुम्ही नाही घातला तरी चालेल. मी विचारलं, का, माझं आधीच झालंय म्हणून? सरळ हात पुढे केला आणि घातला.

पोशाख घालून जिना उतरायचा, खाली सुईत दोरा ओवायचा आणि काय वाटलं ते बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंना सांगायचं. टोपामुळे त्यांना चेहरा दिसत नाही, फक्त छातीवरचा क्रमांक दिसतो. माझ्या आधीचा मुलगा अर्ध्या जिन्यात फतकल मारून बसला. एका मुलीने सुई टाकून हंबरडा फोडला की मी आजीवर यापुढे कध्धी ओरडणार नाही. दोघांना भरघोस गुण. मग मी. आधी कठड्याला हात, मग आडवं वळून, दुखरा पाय पुढे, एकेक पायरी. खाली आल्यावर दोरा चिमटीत दडवला आणि सुईच त्याच्यावर टेकवली. ओवला गेला. काय वाटलं? म्हटलं, विशेष काही नाही. (कान झाकलेले, त्यामुळे जरा ओरडूनच म्हटलं असेन.)

बाईंनी शेरा भर वर्गात वाचून दाखवला. हालचालींत अवाजवी सराईतपणा, वृद्ध व्यक्ती इतक्या सहज वावरत नाही, सहानुभूतीचा अभाव, अनुत्तीर्ण. वर मायेने म्हणाल्या, ‘घरी आजी असेल ना, तिच्याजवळ बसत जा गं बाळा. निरीक्षण कर.’

मी टोप काढला.

वर्गात टाचणी पडली असती तरी तुम्हालासुद्धा ऐकू आली असती. बाई पांढऱ्याफटक झाल्या आणि म्हणाल्या, ‘अगंबाई! सॉरी हं आजी, मग पासच करते.’ हा दुसरा अपमान, आणि पहिल्यापेक्षा मोठा. आमच्या कॉन्व्हेंटच्या मोठ्या सिस्टर सांगायच्या, पडलात तर स्वतःच्या ताकदीवर पडा. दयेचे गुण मी सातवीच्या गणितात घेतले नाहीत, आता काय घेते! फेरपरीक्षा मागून घेतली.

पण वन्सं, मूळ गुन्हेगार तुम्ही. जिना आडवं उतरायला मला कोणी शिकवलं? सुई दोऱ्याकडे न्यायला कोणी शिकवलं? मी लग्न होऊन आले तेव्हा मला साधं बटण लावता येत नव्हतं, आणि ‘कॉन्व्हेंटात काय नुसतं काटा-चमचा धरायला शिकवतात?’ हे वाक्य तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलंत. पुढे तुम्ही लेकराला घेऊन माहेरी परतलात आणि आपण दोघी एका छताखाली इतकी वर्षं भांडलो की तुमचे भाऊ बिचारे शेवटपर्यंत बोलायचं विसरूनच राहिले.

आईंचे गुडघे गेले तो काळ आठवतो? जिन्यात मी पुढे, तुम्ही मागे, मधे आई, आणि त्यांच्या डोक्यावरून आपलं भांडण. आई म्हणायच्या, ‘बयांनो, आधी मला खाली ठेवा, मग एकमेकींचे जीव घ्या.’ आणि जिन्याच्या वळणावरची ती खिडकी. दुपारच्या उजेडात बसून तुम्ही एकामागून एक सुया ओवायचात आणि गादीच्या काठाला ओळीने टोचून ठेवायचात. आईंना शिवायची हौस होती, दिसत नव्हतं, आणि कुणाकडे मागायचं त्यांच्या जिवावर यायचं. त्यांना वाटायचं, सुया आपल्या आपणच ओवलेल्या असतात. त्या वेळी याला कुणी सहानुभूती म्हटलं नाही, गुणही दिले नाहीत.

आता ज्यांच्याकडे तुम्ही राहायला गेलात ते चिरंजीव परदेशी निघालेत आणि तुमच्यासाठी त्यांनी ‘ज्येष्ठ निवास’ पाहिलाय. त्यांनी धाडलेले फोटो बघितले. भिंती त्या टोपाच्या काचेइतक्याच पिवळ्या. जागा स्वच्छ आहे, डॉक्टर आहे, बाग आहे. सुया कोण ओवून ठेवतं, ते मात्र फोटोत कुठे दिसलं नाही.

कळावे, लोभ असला तर दाखवावा.

तुमची
नापास भावजय

ता. क. तुम्ही इथूनच सुरुवात केली असणार, म्हणून मुद्द्याचं सांगते. फेरपरीक्षेच्या तयारीला मला एक अस्सल म्हातारी हवी आहे. ओळखीत तुमच्याइतकी अस्सल दुसरी नाही. खालची खोली रिकामी केली आहे, खिडकीसकट.

ता. क. २. फेरपरीक्षेपुरतं, हे खोटं. कायमच्या या. म्हाताऱ्यांच्या घरांच्या तक्त्यात एकटे, जोडपी आणि मुलांसोबतचे असे रकाने आहेत. नणंद-भावजय बसतात ‘इतर’मध्ये. सर म्हणाले, हा रकाना नगण्य असतो. मला तो भांडणाने दणाणून टाकायचाय.

ता. क. ३. काय वाटलं ते बाईंना सांगितलं नाही, त्यांचा काय संबंध? शेवटच्या पायरीवर काहीच ऐकू येईना, तेव्हा माझा हात आपोआप मागे गेला, तुम्ही आहात ना ते बघायला.

ता. क. ४. चिरंजीवांना होकार देण्याआधी मला उत्तर द्या. लेखी, शुक्रवार २८ तारखेला संध्याकाळी पाचच्या आत. फोन करू नये, तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की शेजारी जमतात. नकार असेल तर तोही लेखी आणि कारणांसह, म्हणजे एकेक खोडून काढता येईल. आता पत्र वरून वाचायला हरकत नाही.